दोन गोळ्या आणि मधली बारा वर्षं : अमेरिकी रिक्रूटांच्या बराकीतला अ‍ॅडेनोव्हायरस

भरती होऊन तीन आठवडे झाले की बराकीतला रात्रीचा आवाज बदलतो. पहिल्या आठवड्यात कुणी झोपेत बरळतं, कुणी उशीत तोंड खुपसून रडतं. तिसऱ्या आठवड्यात खोकला सुरू होतो. आधी एका टोकाच्या खाटेवरून, मग मधल्या ओळीतून, आणि बघता बघता सगळी बराक खोकायला लागते. सकाळी फॉलिनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, उभ्या असलेल्या चार-पाच जणांचे डोळे तांबारलेले असतात, घसा बसलेला असतो, अंगात सडकून ताप असतो. तरी सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरकडे नोंद करायला, जायला बरेच जण तयार नसतात. जास्त दिवस बुडाले तर मागून येणाऱ्या तुकडीत ढकलतील ही धास्ती असते. ज्यांच्याबरोबर पहिल्या दिवशी डोकं भादरून घेतलं त्यांच्याबरोबर प्रशिक्षण संपवून पास आउट होणं मग हातचं जातं.

प्रशिक्षणातली दुखणी म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती नडगीच्या हाडाला गेलेली बारीक चीर, मुरगळलेला घोटा, नाहीतर उन्हात कोसळलेला जवान. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. हे प्रकरण मात्र साध्या दिसणाऱ्या सर्दी-तापाचं आहे. अमेरिकेच्या सैन्याने या तापावरचा उपाय शोधला, पंचवीसेक वर्षं वापरला आणि मग हातातून घालवला. तो परत मिळवायला बारा वर्षं लागली. उपाय घालवताना विज्ञान कुठेही चुकलं नव्हतं, म्हणून मला हे प्रकरण नीट उलगडून मांडावंसं वाटतं.

बराकीतच फोफावणारा विषाणू

१९५२-५३ च्या हिवाळ्यात मिसुरी राज्यातल्या फोर्ट लेनर्ड वुड या प्रशिक्षण केंद्रात तापाची साथ आली. सगळ्यांना इन्फ्लुएन्झाचा संशय होता. लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेतून मॉरिस हिलमन यांचं पथक नमुने गोळा करायला गेलं. नमुन्यांत सापडला तो इन्फ्लुएन्झा नव्हता, वेगळाच विषाणू होता. त्याच सुमारास दुसऱ्या एका गटाला लहान मुलांच्या नाकामागच्या अ‍ॅडेनॉइड गाठींच्या पेशींत असाच विषाणू मिळाला होता. दोन्ही एकाच कुळातले निघाले आणि त्या गाठींवरून कुळाचं नाव अ‍ॅडेनोव्हायरस पडलं.

या कुळात पन्नासहून जास्त प्रकार आहेत. रिक्रूटांना सतावतात ते प्रामुख्याने दोन : टाइप ४ आणि टाइप ७. त्यातही टाइप ४ ची गंमत अशी की बराकीबाहेरच्या जगात त्याचा फारसा उपद्रव नाही. शाळा, कॉलेज, कचेऱ्या इथे तो क्वचितच साथ आणतो. प्रशिक्षण केंद्रात मात्र त्याच्या मनासारखं सगळं जुळून येतं. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली अठरा-वीस वर्षांची पोरं असतात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या रक्तात या प्रकाराविरुद्ध प्रतिपिंडं नसतात. खाटेला खाट लागलेली असते, झोप तोडकी असते, अंग दमलेलं असतं. त्यात दर आठवड्याला नवी तुकडी येते, म्हणजे जुन्या आगीत नवं सरपण पडतच राहतं.

लस येण्याआधीच्या काळात रिक्रूटांपैकी ८० टक्क्यांपर्यंत पोरांना प्रशिक्षणात संसर्ग होई आणि सुमारे २० टक्के रुग्णालयात दाखल होत. पाचांतला एक पोरगा आठ-दहा आठवड्यांच्या प्रशिक्षणात काही दिवस खाटेवर, हे प्रमाण डोळ्यांपुढे आणून पाहा. बहुतेक जण बरे होत, हे खरं. पण वॉर्ड भरलेले असत, तुकड्या खिळखिळ्या होत, आणि एखाद्याचा न्यूमोनिया हाताबाहेर जाई.

आतड्यातून दिलेली लस

पहिली लस हिलमन यांच्याच कामातून आली. मारलेल्या विषाणूची, इंजेक्शनची. ती ज्या माकडाच्या पेशींत वाढवली जाई त्यांत एसव्ही-४० हा माकडाचा विषाणू निघाला, शिवाय सगळ्या खेपा सारख्या प्रभावी नव्हत्या. १९६३ मध्ये तिचा परवाना रद्द झाला.

दुसरी लस जास्त चलाख होती. तिच्यातला विषाणू मारलेला नव्हता आणि दुबळाही केलेला नव्हता. जिवंत टाइप ४ आणि जिवंत टाइप ७ माणसाच्या पेशींत वाढवायचे, सुकवून गोळीच्या गाभ्यात भरायचे आणि त्यावर असं आवरण चढवायचं की गोळी घशात आणि जठरात विरघळणार नाही, थेट आतड्यात जाऊन फुटेल. अ‍ॅडेनोव्हायरस घशात शिरला तर ताप आणतो. तोच आतड्यात सोडला तर निमूट वाढतो, माणसाला काही जाणवतही नाही, आणि शरीर मात्र प्रतिपिंडं तयार करून मोकळं होतं. चोराला मागच्या दाराने घरात घेऊन त्याचा चेहरा सगळ्यांना दाखवून ठेवावा, तसला हा प्रकार. म्हणूनच गोळी चावायची नाही, फोडायची नाही, अख्खी गिळायची. चावली तर नको तो विषाणू नको त्या जागी मोकळा होणार.

१९७१ पासून या दोन गोळ्या रिक्रूटांना नेमाने मिळू लागल्या. अ‍ॅडेनोव्हायरसचा ताप ९५ टक्क्यांहून जास्त घटला. सुरुवातीला गोळ्या हिवाळ्यापुरत्या असत, १९८४ पासून वर्षभर देऊ लागले. वॉर्ड रिकामे झाले. ज्या पिढीच्या डॉक्टरांनी साथी पाहिल्या होत्या ती निवृत्त झाली. नंतरच्यांना या दोन गोळ्या म्हणजे पहिल्या दिवशीच्या सुयांच्या आणि फॉर्मांच्या रांगेतली आणखी एक बाब, एवढंच माहीत होतं.

कारखाना

लस बनवणारी कंपनी एकच होती, वायथ. विकत घेणारा गिऱ्हाईकही एकच, अमेरिकेचं संरक्षण खातं. टाइप ४ बराकीबाहेर फिरकत नसल्यामुळे नागरी बाजारात या गोळीला मागणी नव्हती. कंपनीच्या दृष्टीने हा छोटासा, न वाढणारा धंदा. उत्पादनाची जागा जुनी झाली होती आणि औषध नियामकांच्या निकषांत ती बसवायची तर मोठा खर्च होता. तो कुणी करायचा यावर वर्षानुवर्षं पत्रव्यवहार झाला, एकमत झालं नाही. १९९६ मध्ये उत्पादन थांबलं.

बाहेरून पाहणाऱ्याला हे निष्काळजीपणाचं वाटेल. मला वाटतं, त्यात एक सरकारी तर्कशास्त्र होतं आणि ते समजून घ्यायला हवं. खर्चाचा प्रस्ताव ज्या टेबलावर आला तिथे आजाराचे आकडे जवळजवळ शून्य होते. शून्य आकड्याच्या आजारावर कारखाना बांधायला पैसे मागायचे तर समोरचा विचारणारच की गरज काय. आकडे शून्य आहेत ते गोळीमुळे, हे वाक्य लेखापरीक्षेच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

उरलेला साठा पुरवून वापरायचं ठरलं. आजार हिवाळ्यात जास्त, तर गोळ्या सप्टेंबर ते मार्चच द्याव्यात. कागदावर हा निर्णय चोख होता. १९९७ च्या मे महिन्यात, म्हणजे गोळ्या बंद असण्याच्या ऐन काळात, साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट जॅक्सनमध्ये टाइप ४ ची साथ उसळली. ती डिसेंबरपर्यंत चालली आणि १,००० हून जास्त प्रशिक्षणार्थी रुग्णालयात दाखल झाले. १९७१ नंतरची ही सर्वांत मोठी साथ. त्या वर्षीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावरच ती ओसरली. हिवाळ्याचा आजार हा समज लसीच्या आधीच्या काळातला होता. भर उन्हाळ्यातही बराक तितकीच दाटीची असते, हे विषाणूने दाखवून दिलं. त्याच वर्षी इलिनॉयमधल्या ग्रेट लेक्स या नौदलाच्या केंद्रात टाइप ७ ने डोकं वर काढलं.

१९९९ मध्ये शेवटची गोळी संपली.

ओलं बेसिन

गोळीविना काय करता येतं, हा या प्रकरणातला मला सर्वांत शिकण्यासारखा वाटलेला भाग. ग्रेट लेक्सचं उदाहरण घेऊ. १९९४ पासून अमेरिकी नौदलाचं रिक्रूट प्रशिक्षण तिथे एकवटलं होतं, त्यामुळे गर्दीत कमतरता नव्हती.

साठा आटत चालला त्याच काळात तिथल्या वैद्यकीय पथकाने हात धुण्याची मोहीम काढली. दिवसातून किमान पाच वेळा हात धुवायचे, असा वरूनच आदेश. ऐकायला हे बालवाडीतलं वाटतं. पण हात का धुतले जात नाहीत याचा शोध घेतला तेव्हा कारण आळस नव्हतं. बराकीच्या तपासणीत बेसिन कोरडं आणि चकचकीत लागे. ओलं बेसिन दिसलं की शेरा. मग शहाणी पोरं काय करणार? बेसिन पुसून कोरडं ठेवणार आणि नळाला हातच लावणार नाहीत. स्वच्छतेच्या तपासणीनेच स्वच्छता बंद पाडली होती! तेव्हा मोहिमेत द्रवरूप साबणाबरोबर हेही आलं की तपासणीला बेसिन ओलं असलं तरी चालेल. श्वसनाच्या आजारांसाठी बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांचं प्रमाण आधीच्या तुलनेत ४५ टक्क्यांनी उतरलं.

हा आकडा चांगला आहे, पण जपून वाचावा. ही आधी आणि नंतरची तुलना आहे, शेजारी दुसरा गट ठेवून केलेला प्रयोग नव्हे. आणि त्याच केंद्रात त्याच सुमारास टाइप ७ ची साथही येऊन गेली. हात धुण्याने सगळ्या प्रकारच्या सर्दी-खोकल्याचा भार हलका होतो, पण अ‍ॅडेनोव्हायरसला दाटीच्या बराकीत तेवढं पुरत नाही.

ते का, हे नंतर पर्यावरणाचे नमुने घेतले तेव्हा दिसलं. बराकीतल्या वस्तूंवरून बोळे फिरवून तपासणी झाली तेव्हा विषाणू उशांवर सापडला, लॉकरवर सापडला आणि रायफलींवरही. या विषाणूला मेदाचं बाह्य आवरण नसतं, त्यामुळे तो कोरड्या पृष्ठभागावर दिवसेंदिवस तग धरतो आणि अल्कोहोललाही सहजी दाद देत नाही. रिक्रूट रायफल दिवसभर हाताळतो, गाल टेकवून नेम धरतो, साफ करतो, परत जमा करतो. पाच वेळा धुतलेला हात सहाव्यांदा रायफलीला लागतोच.

बाकीचे उपाय जुनेच होते. शेजारच्या खाटांवर उलटसुलट झोपायचं, एकाचं डोकं तिकडे तर दुसऱ्याचे पाय, म्हणजे खोकला थेट तोंडावर येत नाही. खाटांतलं अंतर वाढवायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या. बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शनही होतं. ते घट्ट, ढुंगणात गाठ ठेवणारं औषध, ज्याला रिक्रूट पीनट बटर शॉट म्हणतात. स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूने धरलेला घसा आणि त्यामागून येणारा संधिवाताचा ताप त्याने उत्तम आटोक्यात राहतो. पण ते जिवाणूंवरचं औषध, विषाणूला त्याचं काय! इंजेक्शन घेऊन दोन दिवस लंगडणाऱ्या पोराला वाटे, आता आपण सगळ्यातून सुटलो. तिसऱ्या आठवड्यात तोच खोकत असे.

मृत्यू

२००० साली ग्रेट लेक्समध्ये दोन तरुण प्रशिक्षणार्थी अ‍ॅडेनोव्हायरसशी संबंधित आजाराने दगावले. भरतीच्या वेळी दोघंही ठणठणीत होते. १९९९ ते २०१० या काळात अमेरिकी सैन्यात असे ८ मृत्यू नोंदले गेले. लाखो रिक्रूटांच्या तुलनेत आकडा लहान दिसतो. पण हे मृत्यू पंचवीस वर्षं हातात असलेल्या गोळीने टळण्यासारखे होते. २००० मध्येच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या समितीने संरक्षण खात्याला बजावलं की ही लस तातडीने परत मिळवा. २००१ मध्ये बार लॅबोरेटरीज या कंपनीशी करार झाला.

मग दहा वर्षं का लागली? अख्खी कृती तर कागदावर होती. पण लस म्हणजे नुसती कृती नसते. विषाणूचं बियाणं पुन्हा तपासून वाढवायचं, जिवंत विषाणू सुकवून गोळीत दाबताना तो मरणार नाही हे जमवायचं, आवरण जठरात टिकेल आणि आतड्यात सुटेल हे दर खेपेला सिद्ध करायचं, त्यासाठी नवी इमारत उभी करायची, आणि औषध नियामकाच्या दृष्टीने हे सगळं नवं औषध असल्यामुळे चाचण्या पहिल्या पायरीपासून. ज्या हातांना ही कामं येत होती ते हात पांगले होते. कारखाना बंद करायला एक पत्र पुरलं होतं.

४८ विरुद्ध १

नव्या गोळ्यांची तिसऱ्या टप्प्याची, म्हणजे परवान्याआधीची मोठी चाचणी फोर्ट जॅक्सन आणि ग्रेट लेक्स इथेच झाली. चार हजारांहून थोडे जास्त स्वयंसेवक होते, आणि दर चौघांत तिघांना खरी गोळी तर एकाला पोकळ, म्हणजे लस नसलेली. टाइप ४ चा ताप आलेले पक्के रुग्ण ४९ निघाले. त्यातले ४८ पोकळ गोळीवाले, आणि १ खऱ्या गोळीवाला.

इथे घाईने ४८ ला १ असं वाचू नये. लस घेतलेला गट तिप्पट मोठा होता. लस निरुपयोगी असती तर त्या गटात ४८ च्या तिप्पट, म्हणजे १४४ च्या आसपास रुग्ण दिसायला हवे होते. दिसला एक. त्यातून ९९.३ टक्के परिणामकारकता निघते. इतका स्वच्छ निकाल लसींच्या चाचण्यांत क्वचित मिळतो. अर्थात तो इतक्या झटपट मिळाला यामागचं कारण फारसं अभिमानाचं नाही. बराकीत आजार इतका माजला होता की काही आठवड्यांतच दोन गटांतला फरक लख्ख दिसला.

टाइप ७ चं तसं झालं नाही. चाचणीच्या काळात त्याचे रुग्णच मिळाले नाहीत. त्यामुळे त्या गोळीचं मोजमाप रक्तातल्या प्रतिपिंडांवरून करावं लागलं, आणि सुमारे ९४ टक्के जणांत ती तयार झालेली दिसली. मार्च २०११ मध्ये दोन्ही गोळ्यांना १७ ते ५० वयोगटातल्या सैनिकांसाठी परवानगी मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून त्या पुन्हा रांगेत आल्या : एक पांढरी, टाइप ४ ची. एक फिकट पीच रंगाची, टाइप ७ ची.

नंतरची घसरण पाहण्यासारखी आहे. दर १,००० रिक्रूटांमागे आठवड्याला ५.८ रुग्ण होते, ते ०.०२ वर आले. दर वर्षी सुमारे १३,००० तापाचे रुग्ण, १,१०० ते २,७०० रुग्णालयातले दाखले आणि साधारण एक मृत्यू टळतो, असा अंदाज मांडला गेला. २००७ मध्ये टेक्सासमधल्या लॅकलंड हवाई दल तळावर टाइप १४ ने मोठी साथ आणून एका प्रशिक्षणार्थीचा जीव घेतला होता. त्याच्यावर वेगळी लस नाही. पण टाइप ७ आणि १४ जवळचे नातेवाईक असल्यामुळे पीच गोळीची प्रतिपिंडं १४ लाही बरीच आवरतात. हा फायदा कुणी मागितलेला नव्हता, ओघाने पदरात पडला.

१३,००० च्या अंदाजाला बारा वर्षांनी गुणलं की दीड लाखाच्या आसपासचा आकडा येतो. हे ढोबळ गणित आहे, पण गोळीशिवायच्या काळाची किंमत मोजायला दुसरं साधन नाही. जुन्या इमारतीच्या डागडुजीचा वाद चालू असताना हे गणित मांडून कुणी टेबलावर ठेवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही. माझ्या मते दर वर्षीच्या अहवालात किती आजारी पडले या रकान्याशेजारी लस नसती तर किती पडले असते हा रकाना हवा. तो अंदाजाचा असेल, त्यावर वाद होतील, होऊ देत. रिकामा रकाना सर्वांत आधी कात्रीत सापडतो.

परिस्थिती पुरती पालटलेली नाही. बार कंपनी २००८ मध्ये टेवा या दुसऱ्या औषध कंपनीने घेतली, म्हणजे लेबलवरचं नाव बदललं. गोळ्या बनवणारा अजूनही एक आणि घेणाराही एक.

आणि एक व्यावहारिक बाब. गोळीतला विषाणू जिवंत असल्यामुळे तो आतड्यात वाढून शौचावाटे बाहेर पडतो, २८ दिवसांपर्यंत. म्हणून गरोदर स्त्रियांना ही गोळी देत नाहीत, आणि गोळी घेतलेल्याने त्या काळात गरोदर बाई, तान्ही मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांच्या जवळच्या सहवासात जपून राहायचं असतं. हा काळ प्रशिक्षणाच्या पहिल्या चार आठवड्यांचा. तेव्हा संडासातून आल्यावर साबण लावून हात धुणं हे गोळी घेतलेल्यालाही सुटलेलं नाही, आणि तपासणीला येणाऱ्या सार्जंटला बेसिन ओलं दिसलं तर त्याने शेरा मारून चालणार नाही.